घोट्याएवढी आग

मार्च-एप्रिलमध्ये अंधार पडल्यावर गोराई गावातून बोरिवलीकडे यायला होडीत बसलं, की समोर आधी इमारतींचे दिवे दिसतात. त्यांच्या मागे, आकाशापेक्षा जरा अधिक काळा दिसतो तो राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. एखाद्या रात्री त्या काळोखात नारिंगी रेघ उमटते. कुणीतरी टोपल्या सरकवत सहज म्हणतं, "वणवा लागलाय." होडी धक्क्याला लागते, माणसं उतरून रिक्षाच्या रांगेत उभी राहतात. सकाळी डोंगर पुन्हा जागच्या जागी असतो. झाडं उभी असतात, कुठेतरी पळस फुललेला असतो. दुरून पाहणाऱ्याला वाटतं, चार गवताच्या काड्या जळाल्या, एवढंच.

हा समज चुकीचा आहे, पण तो का होतो हे समजून घेण्यासारखं आहे. दूरदर्शनवर दिसणारी कॅलिफोर्नियातली किंवा ऑस्ट्रेलियातली आग शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारत जाते, ज्वाळा झाडांच्याही वर उठतात. आपल्याकडची आग बहुतेक वेळा जमिनीवरून सरपटते. पाचोळ्यात तिची उंची घोट्याएवढी, फार तर गुडघ्याएवढी असते. वाळलेल्या गवताच्या माळावर ती कमरेच्या वर जाते, घाणेरीच्या जाळीत शिरली तर माणसाच्या डोक्यावरून. पण जंगलाच्या सावलीत एखादा माणूस तिला ओलांडून जाऊ शकेल, इतकी ती ठेंगणी असते. मोठं झाड तिच्यात लगेच मरत नाही. म्हणूनच तिचं नुकसान मोजणं अवघड जातं, आणि म्हणूनच ती दरवर्षी लागू दिली जाते.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं. एका अंगाला बोरिवली-कांदिवली-गोरेगाव, दुसऱ्या अंगाला मुलुंड-भांडुप-ठाणे. पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव, मध्ये कान्हेरीची लेणी, आणि २०१५ च्या कॅमेरा सापळ्यांच्या गणनेत सापडलेले किमान ३५ बिबटे. इथे वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या प्रदेशात आग लागावीच कशी, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. उत्तर पावसाच्या वाटणीत आहे. सगळं पाणी जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळतं आणि मग आठ महिने कोरडे जातात. पावसाळ्यात गवत माणसाएवढं वाढतं, दिवाळीनंतर ते पिवळं पडतं. जानेवारीपासून साग, ऐन, सावर पानं झाडायला लागतात. कोकणात या पाचोळ्याला पातेरा म्हणतात. फेब्रुवारीच्या शेवटी पातेऱ्याचा थर इतका कुरकुरीत होतो, की त्यावरून सरडा गेला तरी माणूस गेल्यासारखा आवाज येतो. वनखात्याचा आगीचा हंगाम याच सुमाराला, १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनपर्यंत चालतो.

शिवाय या डोंगरावर कारवी आहे. सात वर्षं नुसती वाढणारी आणि आठव्या वर्षी सगळी मिळून जांभळी फुलणारी. २००८, २०१६ आणि २०२४ ही तिच्या फुलोऱ्याची वर्षं. फुलून, फळून ती मरते. म्हणजे फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात उतारच्या उतार सरळसोट, बोटभर जाडीच्या वाळक्या काठ्यांनी भरलेले असतात. पूर्वी वारली, कोळी महादेव आणि कातकरी घरांसाठी हीच काठी कापून न्यायची. शेणमातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती कारवीच्याच असत, आणि ज्या वारली चित्रांचं आज जगभर कौतुक होतं ती मुळात याच भिंतींवर काढलेली. जंगलात साठणाऱ्या सरपणातला मोठा वाटा अशा रीतीने घराच्या भिंतीत जाऊन बसायचा. आज पाड्यांची घरं विटांची झाली, राष्ट्रीय उद्यानातून काठी आणायला मनाई आहे, आणि कारवी जिथे मरते तिथेच वाळून उभी राहते.

आगीचा खरा हिशेब करायचा तर ती विझल्यावर दुसऱ्या दिवशी त्या जागी जायला हवं. पाय ठेवला की राख भुसभुशीत दबते. राखेत गोगलगायींचे शंख सापडतात, पांढरे पडलेले, बोट लावलं की चुरा होणारे. आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या झाडाच्या बुंध्यावर एका बाजूला काळा त्रिकोण दिसतो. हा त्रिकोण बहुतेक वेळा चढाच्या बाजूला असतो. वरून घरंगळत येणारा पाचोळा बुंध्याला त्या बाजूने अडतो, ढीग होतो, आणि आग पुढे निघून गेली तरी हा ढीग बराच वेळ धुमसत राहतो. झाडाच्या सालीखाली एक पातळ जिवंत थर असतो. खोड जाड होतं ते त्याच्यामुळे. साठ अंश सेल्सियसच्या आसपास हा थर मरतो. तिथे साल सुटते, आत लाकूड उघडं पडतं. पुढच्या वर्षी पाचोळा त्याच ठिकाणी साठतो आणि आग आता थेट लाकडाला लागते. दहा-बारा उन्हाळ्यांनंतर बुंधा आतून पोकळ होतो. एखाद्या वर्षी त्या पोकळीत निखारा शिरला, की खोड धुराड्यासारखं चार-चार दिवस आतून जळतं. मग जुलैच्या वाऱ्यात ते झाड पडतं आणि लोक म्हणतात, वादळाने पडलं.

ज्या झाडांनी आगीशी जुनी ओळख ठेवली आहे, त्यांची साल पाहण्यासारखी असते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची. पळस आणि सावर यांची जाड. कुंभ्याची तर जाड, तंतुमय आणि हळूहळू जळणारी. इतकी हळू, की पूर्वी तोड्याच्या बंदुकांना लागणारी वात तिच्यापासून करत. सालीच्या जाडीचं गणितही विलक्षण आहे. साल दुप्पट जाड असेल, तर आतला थर मरेपर्यंत तापायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो. घोट्याएवढी आग एका जागी फार थांबत नाही. बोटभर साल तिला पुरून उरते.

आणि इथेच सगळी मेख आहे. बोटभर साल यायला झाडाला वर्षं लागतात. गेल्या पावसाळ्यात रुजलेल्या ऐनाच्या रोपाची साल कागदाएवढी असते. त्याची एकूण उंचीच घोट्याएवढी. ज्या आगीला मोठं झाड दादही देत नाही, तीच आग या रोपाला आपादमस्तक वेढते. सागासारखी काही रोपं वरून जळून गेली तरी मुळाशी जिवंत राहतात आणि जूनमध्ये पुन्हा कोंब फेकतात. पुढच्या मार्चमध्ये तो कोंबही जळतो. मग पुन्हा नवा. जमिनीखाली मूळ मनगटाएवढं झालेलं असतं आणि वर मात्र दरवर्षी वीतभराचं रोप. त्याला वाढायला सलग चार-पाच उन्हाळे विनाआगीचे मिळाले, तर ते आगीच्या उंचीवरून डोकं काढतं. ते मिळाले नाहीत, तर ते कधीतरी थकून मरतं.

म्हणून वणव्याचा विचार करताना ज्वाळा किती उंच होत्या किंवा किती हेक्टर जळालं, यापेक्षा मोठा प्रश्न हा, की त्याच जागी याआधी आग कधी लागली होती. पंचवीस वर्षांतून एकदा लागलेली आग जंगल पचवतं. दरवर्षी लागणारी आग दिसायला कितीही किरकोळ असली, तरी ती जंगलातली नवी पिढी कापत जाते. वरून पाहिलं तर छत्र हिरवं असतं, उपग्रहाच्या चित्रात वनक्षेत्र तेवढंच भरतं. पण खाली म्हातारी झाडं आहेत आणि त्यांच्या जागी उभं राहायला कुणी नाही. एकेक पडत जातं, ऊन जमिनीपर्यंत येतं, तिथे गवत माजतं. गवत पाचोळ्यापेक्षा भडकून जळतं. उतारावरचं जंगल असं आतून विरळ होत माळ बनतं. ओढ्याकाठची जांभूळ, अंजनीसारखी सदाहरित झाडं, ज्यांना आगीची सवयच नाही, ती काठाकाठाने मागे सरतात आणि हिरवा पट्टा दरवर्षी थोडा अरुंद होतो.

या रिकाम्या जागेत घाणेरी आणि रानमोडी शिरतात. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. जळाल्या तरी बुंध्यापासून जोमाने फुटणाऱ्या, आणि वाळल्यावर आगीला खालून वर चढायला शिडी देणाऱ्या. आगीमुळे घाणेरी वाढते आणि घाणेरीमुळे आग वाढते, असं चक्र भारतातल्या अनेक कोरड्या जंगलांत अभ्यासकांनी नोंदवलं आहे. जमिनीवर सरपटणारी आग या जाळ्यांमुळेच पहिल्यांदा फांद्यांपर्यंत पोचते.

प्राण्यांचं म्हणायचं तर हरणं, वानरं, बिबटे बाजूला होतात. त्यांना वाट माहीत असते. धुराच्या आघाडीवर कोतवाल, नीलपंख आणि घारी तर मेजवानीला जमतात, कारण जिवाच्या आकांताने उडणारे नाकतोडे तिथे मिळतात. ऑस्ट्रेलियात काही शिकारी पक्षी जळती काटकी उचलून दुसरीकडे टाकतात आणि आग पसरवतात, अशी निरीक्षणंही तिथल्या मूळ रहिवाशांच्या सांगण्यावरून अभ्यासकांनी नोंदवली आहेत. पण ज्यांना पळता येत नाही, त्यांची मोजदाद कुणी करत नाही. पाचोळ्यातले विंचू, पैसे, गोमा, सुरवंटांचे कोष, सरड्यांची अंडी. रातवा हा पक्षी घरटं बांधतच नाही, उघड्या जमिनीवर पाचोळ्याच्या रंगाची अंडी घालतो, आणि त्याच्या विणीचे दिवस उन्हाळ्यातच येतात. पाचोळ्याच्या रंगाचा असणं त्याला मुंगसापासून वाचवतं, वणव्यापासून नाही.

जळालेल्या जागी पंधरा-वीस दिवसांत कोवळं गवत फुटतं आणि चितळ तिथे चरायला येतात, हेही खरं आहे. गुराखी वणवा लावतात तो याच कोवळ्या फुटीसाठी, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. राखेत पोटॅश, कॅल्शियम, थोडं स्फुरद मोकळं होतं. त्याचा हा पहिला बहर असतो. पण पाचोळ्यातलं नत्र मात्र धुराबरोबर उडून गेलेलं असतं. आणि राख उतारावर टिकत नाही. पहिल्या वळवाच्या सरी उघड्या जमिनीवर पडतात, पाचोळ्याची गादी नसल्याने थेंब मातीला सरळ आपटतो, आणि राख, वरची माती, तिच्यातलं बी असं सगळं ओढ्यातून खाली येतं. या डोंगरावर ते येतं तुळशी आणि विहारमध्ये. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९ मध्ये. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते विहारमधून. या जंगलाचा गाभा आजवर टिकला, त्यामागे तलावांचं पाणलोट क्षेत्र राखण्याची शहराची गरज हे एक मोठं कारण आहे.

वणवा ही निसर्गाचीच योजना आहे, जंगलाला आग हवीच असते, असा युक्तिवाद अलीकडे बऱ्याचदा कानावर येतो. काही जंगलांच्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग १९८८ च्या उन्हाळ्यात आगीच्या टापूत आला. देशभर हळहळ झाली. पण तिथल्या लॉजपोल पाइन या झाडाची बरीचशी बोंडं राळेने घट्ट मिटलेली असतात. ती उघडायला आगीचीच धग लागते. पुढच्या काही वर्षांत तिथे रोपांची दाट गर्दी उगवली. मात्र तिथे अशा मोठ्या आगी शंभर ते तीनशे वर्षांच्या अंतराने लागत आल्या आहेत, आणि विजा हे तिथलं एक मोठं कारण आहे. आपल्याकडे विजा येतात त्या बहुतेक वळवाच्या पावसाबरोबर. भारतातल्या जंगलांतल्या जवळजवळ सगळ्या आगी माणसाच्या हातून लागतात. यलोस्टोनचा दाखला बोरिवलीला लावता येत नाही.

पण म्हणून आग म्हणजे नेहमीच अपराध, हेही तितकंच अपुरं. याचा धडा इंग्रजी राजवटीत वनखात्याला मिळाला होता. १८६० च्या दशकात डीट्रिच ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली वनखातं उभं राहिलं आणि आग पूर्ण थांबवणं हे त्याचं पहिलं ध्येय ठरलं. काही दशकांनी ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात उलटंच दिसू लागलं. आग बंद झालेल्या दमट भागात बांबू आणि इतर झाडोरा माजला आणि सागाची नवी रोपं येईनाशी झाली. बंगाल-आसामच्या ओलसर साल जंगलांतही तसंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अधिकाऱ्यांना हळूहळू मान्य करावं लागलं, की हंगामाच्या सुरुवातीला, गार हवेत, हातात ठेवून लावलेली आग वेगळी आणि मे महिन्यात सुटलेली वेगळी. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिगा आदिवासीही हेच सांगत आले आहेत. त्यांची जुनी, हंगामाच्या आरंभी लावायची पाचोळ्याची आग १९७० च्या दशकात अभयारण्य झाल्यावर बंद झाली. त्यानंतर घाणेरी वाढली, बांडगुळं वाढली आणि आवळ्याची झाडं मरू लागली, असं त्यांचं म्हणणं. अभ्यासकांनी ते गांभीर्याने घेतलं, घ्यायलाच हवं होतं.

मुंबईजवळ या वादाचं नाव होतं राब. हा डोंगर ज्या साष्टी बेटावर आहे, ते इंग्रजी राजवटीत ठाणे जिल्ह्यात होतं. उत्तर कोकणातला शेतकरी भाताचं बी पेरण्याआधी रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांच्या डहाळ्या, पाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचून भाजतो. त्याने तणाचं बी मरतं, किडी मरतात, राखेचं खत मिळतं आणि रोप जोमदार येतं. या राबासाठी लागणाऱ्या डहाळ्या जंगलातून यायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राखीव जंगलं जाहीर होऊ लागली, डहाळ्या तोडायला बंदी आली, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला, की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्याआधी १८८३ मध्येच जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने शेतकऱ्याची गायरानं आणि सरपण कसं हिरावून घेतलं, यावर लिहिलं होतं.

राबाकडे नीट पाहिलं, तर वणव्याचं सगळं शास्त्र त्यात आहे. वरच्या बोटभर थरातलं बी मारायचं, जमीन तणमुक्त करायची, राखेचा एका हंगामापुरता जोर मिळवायचा. चार गुंठ्यांच्या वाफ्यात हेच हवं असतं. तेच काम डोंगरभर झालं, तर मरतं ते ऐनाचं, खैराचं, धामणीचं बी. राब भाजणारा शेतकरी हे जाणतो. तो वारा पाहतो, संध्याकाळची वेळ धरतो, वाफ्याभोवतीचं गवत काढतो आणि विस्तव विझेपर्यंत जागा सोडत नाही. बेफिकिरीने टाकलेल्या विडीची आणि राबाची तुलना होऊ शकत नाही. तरी राबाची ठिणगी डोंगरावर गेली, असंही दरवर्षी घडतं, आणि पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत आंबा-काजूच्या बागा होरपळतात.

शहराच्या कुशीतल्या जंगलात आग लागण्याची कारणं आणखी वेगळी. विडी-सिगारेट, कचरा पेटवणं, दारूच्या भट्ट्या, रात्रीच्या सहलींच्या शेकोट्या, शिकारीसाठी रान मोकळं करणं, आणि कधीकधी जमिनीवर डोळा. ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगाव पूर्वेला दिंडोशीजवळ, आरे वसाहतीला लागून असलेल्या डोंगरावर आग भडकली. आगीचा हंगाम सुरू व्हायला अजून दोन महिन्यांहून जास्त अवधी होता. पण गवत वाळलेलं होतं आणि वारा होता. अग्निशमन दलाच्या गाड्या डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबल्या, कारण पुढे रस्ताच नव्हता. जवान, वनकर्मचारी, पाड्यांवरचे लोक आणि स्वयंसेवक हातात डहाळ्या घेऊन वर चढले. आग आटोक्यात यायला रात्र गेली. ती लागली की लावली, हा प्रश्न पुढे बराच काळ शहरात गाजत राहिला. शहरातल्या माणसाला त्या रात्री एक गोष्ट मात्र कळली. पाण्याने भरलेला बंब वणव्याच्या कामाचा नसतो.

मग कामाचं काय असतं? सगळ्यांत जुनं आणि आजही सगळ्यांत उपयोगी साधन म्हणजे जाळरेषा. आगीला खायला काही उरू नये, असा मोकळा पट्टा. थंडीत, गवत पुरतं वाळण्याआधी, पट्ट्याच्या दोन्ही कडांना गवत कापून झाडून घेतात. मधलं गवत वाळलं की एखाद्या शांत, गार संध्याकाळी ते माणसांच्या पहाऱ्यात जाळतात. हे काम डिसेंबर-जानेवारीत झालं तर झालं. निधी मार्चमध्ये आला, तर त्या जाळरेषेला अर्थ राहत नाही. आणि पट्टा एकदा आखला म्हणजे संपलं, असंही नाही. फेब्रुवारीत पानं गळतच असतात, वाऱ्याने पुन्हा त्यावर येऊन पडतात. पाठीवर अडकवायच्या ब्लोअर यंत्राने ती परत उडवत राहावं लागतं. पूर्वी हे काम झावळीच्या झाडूने व्हायचं.

दुसरं साधन आकाशात आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीच्या सूचना देते. सुरुवातीच्या उपग्रहांना एक किलोमीटर लांबी-रुंदीचा चौकोन हा एक ठिपका दिसायचा. नंतर ३७५ मीटरचा ठिपका दिसू लागला. आता बीटवरच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांशासकट संदेश येतो, आणि नाव नोंदवलेल्या कुणाही नागरिकाला तो मिळू शकतो. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. दुपारी तीनला लागून सहाला विझलेली, दाट झाडीखालची घोट्याएवढी आग त्याच्या नजरेतून सुटू शकते. ती दिसते डोंगराच्या सोंडेवर बसलेल्या हंगामी अग्निरक्षकाला. हा माणूस बहुतेक जवळच्याच पाड्यावरचा असतो. त्याला वारा कुठून फिरेल हे ठाऊक असतं, कुठल्या घळीत शिरायचं नाही हेही.

हे ज्ञान नसलं तर काय होतं, ते ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात दिसलं. तिथे वणव्यात सापडून वीसहून अधिक पदभ्रमण करणारे दगावले. चढावर आग भयानक वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच वाळवून, तापवून ठेवतात. दर दहा अंश चढाला वेग साधारण दुप्पट होतो, असा अनुभवाचा आडाखा आहे. महाराष्ट्रात दर शनिवार-रविवारी हजारो तरुण गडकिल्ल्यांवर जातात. वणवा दिसला तर वर पळायचं नाही, बाजूला किंवा आधीच जळून गेलेल्या जागेकडे सरकायचं, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

कायदा पुरेसा कडक आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३० नेही त्याला मनाई आहे. पण आग लावणारा सापडणं जवळजवळ अशक्य. जिथे वणवे खरंच कमी झाले, तिथे ते दुसऱ्याच वाटेने झाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट यासाठी सांगावीशी वाटते. वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्ता हा विदर्भातल्या आदिवासी गावांचा उन्हाळ्यातला रोकड पैसा. पण कोवळा पाला भरपूर फुटावा म्हणून तेंदूच्या फांद्या छाटतात आणि रानाला आग लावतात. पाचगावच्या ग्रामसभेने हिशेब घातला आणि तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. हातचं उत्पन्न सोडलं, बांबूवर भर दिला. झाडं छाटली जाईनाशी झाली, तेव्हा तेंदूची फळं, म्हणजे टेंभरं, पिकू लागली, माणसांना आणि पाखरांना खायला मिळाली. हा निर्णय कुठल्या अधिकाऱ्याने घेतला असता, तर तो टिकला नसता.

मुंबईच्या जंगलाला ग्रामसभा नाही. पण पाडे आहेत, आणि त्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हा डोंगर ओळखतात. वर्षातले चार महिने त्यांना रोजंदारीवर बोलावून उरलेले आठ महिने अतिक्रमण म्हणून पाहणं, हे वणव्याच्या दृष्टीनेही परवडणारं नाही. मेलेली कारवी आणि घाणेरीच्या जाळ्या डिसेंबरच्या आत कापून बाहेर काढणं, हे काम त्यांच्याइतकं नेटकं कुणी करू शकणार नाही, आणि त्याचे पैसे वणवा विझवण्याच्या खर्चापेक्षा नक्कीच चांगल्या कारणी लागतील.

गोराईच्या बाजूला परत यावं, तर इथे वणव्याचं भय वेगळ्या तऱ्हेचं आहे. खाडीकाठच्या तिवरांच्या पायात दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे कांदळवन सहसा पेट घेत नाही. पण त्याच्या जमिनीकडच्या कडेला, जिथे भराव पडून भरतीचं पाणी अडतं, तिथे चिखल वाळतो, झाडं सुकतात, गवत येतं, वर कचरा पडतो, आणि मग एखाद्या दुपारी ती कड जळते. तिवर बुंध्यापासून पुन्हा फुटू शकतो, पण आधाराच्या मुळांचं कांदळ एकदा शेंड्याकडून गेलं की तसं फुटत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातही भराव आणि बांधकामाला मनाई केली. आगीच्या दृष्टीने हाच पट्टा जाळरेषेसारखा महत्त्वाचा आहे.

आणि खाडीच्या बोरिवलीकडच्या काठावर एक जुनी कचराभूमी आहे, २००७ मध्ये बंद केलेली, मातीने झाकून हिरवी केलेली. तिच्या पोटातला मिथेन वायू नळ्यांनी बाहेर काढण्याची व्यवस्था करावी लागली. तसं न केल्यास काय होतं, ते देवनारच्या कचराभूमीने जानेवारी २०१६ मध्ये पेट घेऊन दाखवलं. तिथला धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला.

डोंगरावर मात्र सध्या पाहायचं ते कारवीकडे. २०२४ च्या फुलोऱ्याचं बी पुढच्या पावसात रुजायचं आणि त्याचं फूल २०३२ मध्ये यायचं. मधले सगळे उन्हाळे त्या रोपांना काढायचे आहेत. पहिल्या वर्षी त्यांची उंची वीतभर असते, खोड काडीएवढं, आणि साल जवळपास नसतेच. मोठ्या ऐनाखाली, वाळलेल्या जुन्या काठ्यांच्या गर्दीत ती उभी असतात. जानेवारीत कुणी जाळरेषेवरून चालत गेलं, तर वाटेच्या एका अंगाला ताजं कापलेलं गवत आणि दुसऱ्या अंगाला, पाचोळ्यातून डोकं काढलेली, खरखरीत पानांची ही रोपं दिसतात.